बाहेरची बाजू कुणाची

सज्ज्याचा तुकडा पडला मंगळवारी आणि घराला त्याचा धक्का बसला शुक्रवारी, नोटीस आल्यावर. मधले तीन दिवस घराच्या लेखी तो तुकडा कुणी पाहिलाच नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या, खालच्या दोन्हींपेक्षा हातभर पुढे आलेल्या सज्ज्याच्या पोटातून सुटलेला, चांगला ताटाएवढा गिलावा खाली फूटपाथवर बसणाऱ्या किल्लीवाल्याच्या पेटीवर पडला. पेटीचं झाकण चेपलं. किल्लीवाला वाचला, कारण तेवढ्यात तो नळावर हात धुवायला गेला होता. घरातल्या थोरल्या मुलाने, दादाने, दहा मिनिटांत माणसं लावून चुरा उचलवला, संध्याकाळच्या आत सज्ज्याच्या पोटाला ठिगळ लावलं आणि वरून रंगही मारला. पडलं हे कबूल करायच्या आधीच बुजवून टाकायचं, ही त्याचे वडील, थोरले मिस्त्री, गेल्यापासून या घराची रीत झाली होती.

रंगाला बिचाऱ्याला बोलता येत नाही, पण समोरच्या औषधवाल्याला येतं. त्याने चार गिऱ्हाइकांना सांगितलं, त्यातलं एक इमारत कार्यालयात नोकरीला होतं. पंधरा दिवसांच्या आत इमारतीची बाहेरची बाजू मान्यताप्राप्त तपासनिसाकडून तपासून घ्यावी आणि दाखला सादर करावा, असं नोटिशीत लिहिलं होतं.

दादा ते वाचून हसला. मान्यताप्राप्त तपासनीस तर घरातलीच होती, त्याच्या पाठची बहीण. घरच्या माणसाने घराला दाखला देऊ नये असा नियम कुठे नव्हता. नियम करणाऱ्यांना असं घर सुचलं नसावं. त्याने बहिणीला फोन केला. "रविवारी जेवायला ये," तो म्हणाला, "आणि येताना शिक्का घेऊन ये."

बहीण शिक्का घेऊन आली, पण त्याबरोबर हातोडीही घेऊन आली, आणि जेवायच्या वेळेला नाही तर सकाळी सातलाच आली. घराचं पहिलं तोंड वाकडं झालं ते तिथे.

तिला घरात टकटक म्हणत. सहा वर्षांची असल्यापासून ती वडिलांबरोबर भिंती वाजवत फिरायची. थोरले मिस्त्री गिलाव्याचे ठेकेदार, पण गिलावा करण्यापेक्षा तो वाजवून बघण्यात त्यांचा जीव जास्त. लाकडी मुठीच्या लहान हातोडीने भिंतीवर हलकेच मारायचं. गिलावा भिंतीला धरून असला तर टक असा कोरडा आवाज येतो. आत सुटलेला असला तर धप. धप आलं की मिस्त्री तिथे खडूने फुली मारत आणि माणसं तेवढा भाग फोडून नव्याने भरत. वर्षातून एकदा ते स्वतःच्या घराची पुढची बाजू अशी वरपासून खालपर्यंत वाजवायचे. मग आठवडाभर ठेकेदाराचंच घर खडूच्या फुल्यांनी भरलेलं दिसे आणि रस्त्याने जाणारे येणारे हसत. मिस्त्री त्यांच्याबरोबर हसत आणि आणखी एक फुली मारत.

ते गेले आणि धंदा दादाकडे आला. फुल्यांचं घर गिऱ्हाइकाला कसं दाखवायचं, हा दादाचा पहिला प्रश्न. त्याने वाजवणं बंद केलं आणि दर वर्षी पुढच्या बाजूला रंगाचा एक हात द्यायला सुरुवात केली. वाजवायला लागायचे आठ दिवस, रंगाला लागायचे तीन, आणि वर घर नवरीसारखं दिसायचं. अकरा वर्षांत अकरा हात झाले. गिऱ्हाईक आलं की दादा त्याला समोरच्या फूटपाथवर नेऊन उभं करी आणि काही न बोलता हात घराकडे करी. तळमजल्यावरच्या ऑफिसच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'भिंत तुमची, काळजी आमची'. स्वतःच्या भिंतीची काळजी कुणाची, हे पाटीवर मावलं नव्हतं.

खरं तर ते कुठेच मावलं नव्हतं. मिस्त्रींनी वाटणीच्या कागदात सगळं लिहिलं होतं. पहिला मजला थोरल्याला, दुसरा धाकट्याला, तिसरा आईला आणि आईनंतर मुलीला. खोल्या लिहिल्या, मोऱ्या लिहिल्या, जिन्याखालची केरसुणी ठेवायची जागासुद्धा लिहिली. बाहेरची बाजू कुणाची, हे लिहायचं राहून गेलं. तेव्हापासून कौतुक असेल तर ती दादाची असे आणि काम निघालं की सगळ्यांची. धाकट्याचं म्हणणं साधं होतं. तो घराच्या आत राहत होता, त्याला बाहेरची बाजू दिसतच नव्हती.

तपासनीस सकाळभर वाजवत राहिली. पहिल्या मजल्यावर थोरल्या वहिनीने दार उघडलं. पुढची खोली रिकामी होती, पलंग मागच्या खोलीत गेला होता.

"हवा चांगली येते मागे," वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाली. मागच्या खोलीची एकमेव खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडत होती.

दुसऱ्या मजल्यावर धाकट्याने सज्जा काचेने बंद करून आत चालायचं यंत्र ठेवलं होतं. शरीर कमावायचं तर रस्ता दिसला पाहिजे, असं त्याचं मत. पण आज यंत्र जाण्यायेण्याच्या वाटेत, दारामागे उभं होतं आणि त्याच्यावर टॉवेल वाळत होते. "कंटाळा आला मला त्याचा," धाकटा म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर आईची खुर्ची. ती वीस वर्षं सज्ज्यात असे. तिच्या चार पायांचे चार गोल डाग सज्ज्याच्या फरशीवर उठले होते. खुर्ची मात्र आता हातभर आत, खोलीत होती.

"ऊन डोळ्यांवर येतं गं," आई म्हणाली. सज्जा उत्तरेला होता.

तपासनिसाने यातलं काही कागदावर लिहिलं नाही. तिने सज्ज्याची फरशी जिथे भिंतीला भिडते तिथली एक लादी छिन्नीने उचलली आणि खालचा थर थोडा फोडून बघितला. सज्जा भिंतीतून बाहेर निघतो तो ज्या सळयांच्या जोरावर, त्यातली पहिली तिला सापडली. बोटाएवढी असायला हवी होती. गंजून काडी उरली होती. दुसरीही तशीच. वरून आलेलं पाणी अकरा हातांच्या रंगाने बाहेर पडूच दिलं नव्हतं. ते आतच राहिलं आणि निवांतपणे लोखंड खात बसलं. तिने बाहेर वाकून सज्ज्याचं पोट वाजवलं. टक नाही, धप नाही, काहीच आवाज आला नाही. हातोडी रंगावर बसली आणि रंग गादीसारखा दबला. सज्ज्याच्या पोटाला आता गिलावा नव्हता, फक्त रंगाची पिशवी होती आणि पिशवीत चुरा.

तिने खाली पाहिलं. बरोबर खाली किल्लीवाला मान घालून कानशीने किल्ली घासत होता.

जेवण झालं ते असं, की सज्ज्याचं नाव कुणी काढलं नाही आणि सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग सगळे आईच्या पुढच्या खोलीत बसले. दादा टेबलाच्या टोकाला, जिथे मिस्त्री बसत. त्याच्यापुढे दाखल्याचा छापील कागद. सगळे रकाने त्याने स्वतःच्या सुबक अक्षरात आधीच भरून ठेवले होते. सज्जे उत्तम. गिलावा उत्तम. एकंदर स्थिती उत्तम. फक्त सहीची जागा तेवढी त्याने मोकळी सोडली होती. आई आपल्या खुर्चीत. धाकटा आणि त्याची बायको, धाकटी, दिवाणावर. थोरल्या वहिनीने सज्ज्याच्या दारापाशी स्टूल ओढलं आणि दारावरच्या जाड पडद्याला टेकून बसली.

"कर सही," दादा म्हणाला. "चहा होईल तोवर."

"दादा, हा सज्जा उतरवावा लागेल. आणि खालचा फूटपाथ आजच बंद करायला हवा."

"कुठला सज्जा?"

"हाच. सळया गेल्यात. खालचे दोनही उघडून बघायला लागतील, पण हा तर उभा कसा आहे तेच मला कळत नाही."

"उभा आहे कारण तो बाबांनी बांधलाय," दादा म्हणाला. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. तो आवाज जड करायचा. "म्हणजे आता बाबांचं काम खोटं ठरवायला तू शिक्का घेऊन आलीस."

"बाबा दर वर्षी वाजवायचे. त्यांना माहीत होतं, काम एकदा केलं की संपत नाही. त्यांचं काम खोटं नाही रे. तू ते सोडून दिलंस आणि नुसता रंग ठेवलास."

धाकट्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दादाचं नाक खाली होताना बघायला तो गेली अकरा वर्षं पहिल्या रांगेत जागा धरून होता. "मी तर म्हणतच होतो," तो म्हणाला. "ताईचं बरोबर आहे. वाजवायला पाहिजे होतं. अकरा वर्षं नुसतं चुना लावणं चाललंय."

"तू कधी म्हणालास?"

"मनात म्हणालो."

"ताई, पण उतरवायचा म्हणजे फक्त वरचा ना?" धाकटीने हळूच विचारलं. दोघांत हिशोबाचं डोकं तिचं.

"वरचा उतरवताना खालचे रिकामे ठेवावे लागतात. तुमच्या काचा काढाव्या लागतील. आणि काचेचं वजन त्या सज्ज्याला झेपण्यासारखं नाहीच, त्या परत लावता येणार नाहीत."

धाकट्याचं समाधान जिथे पसरलं होतं तिथेच गोठलं. काचेच्या त्या खोलीला तो मित्रांसमोर 'माझं ऑफिस' म्हणत असे. त्याने घसा साफ केला, पाय बदलला, आणि पाय बदलता बदलता पक्षही बदलला. "तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "बाबांनी बांधलेली वस्तू आहे. इतकी वर्षं टिकली, उगाच घाई करण्यात अर्थ नाही. दादाचा अनुभव आहे शेवटी."

"मी तेच सांगतोय," दादा म्हणाला. "आधी लिहून दे. मग सावकाश बघू. पुढल्या वर्षी जरा जाड हात देऊ रंगाचा."

"आणि खाली माणूस बसलाय त्याचं काय?"

"त्याचं मी बघितलंय," दादा म्हणाला, आणि खिडकीतून वाकून हाक मारली.

किल्लीवाला तीन जिने चढून आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. हातात चेपलेलं झाकण होतं. बहुधा ते सरळ करून मिळेल अशी त्याची समजूत झाली असावी.

"तू उद्यापासून जरा पलीकडे बस," दादा त्याला म्हणाला. "कोपऱ्यावर."

"कोपऱ्यावर ऊन आहे शेठ. इथे सज्ज्याची सावली आहे."

"मी छत्री देतो तुला. मोठी. कंपनीच्या नावाची."

"छत्री काय, मंगळवारीच द्यायची होती," किल्लीवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकायला जास्त वाईट वाटलं. "तसं मला काही नवीन नाही. दोन वर्षं झाली, चहात खडे येतात. मी गाळून पितो. वरून बाईंनी कुंड्यांना पाणी घातलं की जास्त येतात. आता त्या पण घालत नाहीत म्हणा. आत बसतात."

आईने पदर सारखा केला.

"जाऊ मी? गिऱ्हाईक आलं असेल," किल्लीवाला म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरू लागला.

"झालं," दादा म्हणाला. "माणूस हलवला की प्रश्न मिटला. कुणी खाली नसेल तर पडून पडून पडणार कुणावर?"

खोलीत कुणालाच यात काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही. धाकट्याने मान हलवली. धाकटीने, छत्री दोन द्या, असं सुचवलं. किल्लीवाला हलवणं सगळ्यांत सोपं होतं, कारण त्याचं नाव वाटणीच्या कागदात नव्हतं. तपासनीस या माणसांकडे बघत राहिली. हीच तिची माणसं होती. तिला लहानपणी परांचीवरून हात धरून उतरवणारा हाच दादा होता आणि तिला त्याची भयंकर शरम वाटत होती.

"आई, तू काहीतरी बोल," ती म्हणाली.

"मी काय बोलू? सज्जा गेला तर मी रस्ता कुठून बघू? खोलीत बसून माणसाने भिंतीकडे बघायचं का?" आई म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि तू तरी एवढा हट्ट का करतेस? दादाने प्रेमाने बोलावलं, सही करायची आणि जायचं."

"नाही केली तर?"

याचं उत्तर दादाने दिलं. "नाही केलीस तर माझ्या दुकानाला टाळं लागेल. ठेकेदाराच्याच घराचा सज्जा धोक्याचा, असं कार्यालयाच्या फळ्यावर लागलं की मला दारात कोण उभं करेल? हे करून तू परत या घराचा जिना चढणार असशील, तर विचार करून चढ. तिसरा मजला आईचा आहे, पण जिना माझ्या मजल्यावरूनच येतो."

एवढं उघड या घरात सहसा बोललं जात नसे. टकटकला माहेर म्हणून जे काही होतं ते याच जिन्याच्या वरच्या टोकाला होतं. खालच्या टोकाला एक माणूस चहा गाळून पीत बसला होता. तिने छापील कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि पिशवीतून दुसरा काढला, धोक्याची सूचना लिहायचा.

"मी खोटं लिहिणार नाही, दादा. यावर माझी सही लागते आणि घराच्या वतीने एका सहीची जागा असते. तू केलीस तर आपणच उतरवतोय असं दिसेल, तुझ्या दुकानाचीही अब्रू राहील. नाही केलीस तर मी एकटीची घेऊन जाईन आणि कार्यालयाची माणसं येऊन उतरवतील."

दादा उठला. तो रागावला होता, पण रागावण्यापेक्षा तो गिऱ्हाइकासमोर उभा असल्यासारखा दिसू लागला. सगळ्या गोष्टी त्याला दाखवूनच पटवता येत. "शास्त्र पुरे झालं," तो म्हणाला. "हा सज्जा पडतो म्हणतेस ना? आपण सगळे त्यावर उभे राहू. सगळं घर. आणि मग तू लिही काय लिहायचं ते."

"दादा, वेडेपणा करू नकोस."

"हत्ती उभा केला तरी हलणार नाही," दादा म्हणाला आणि पडदा बाजूला सारून सज्ज्यावर गेला. पडदा त्याच्यामागे परत पडला. "या," बाहेरून त्याचा आवाज आला. "सगळे या. धाकट्या, चल."

धाकट्याचा फोन अचानक थरथरला असावा, कारण त्याने तो लगबगीने कानाला लावला आणि मागच्या खोलीत गेला. फोनवर तो हं हं एवढंच बोलत होता.

"मी आले असते दादा," धाकटी म्हणाली, "पण खाली दूध ठेवून आलेय गॅसवर." आणि ती दूध वाचवायला गेली.

"आई, तू ये. तुझाच सज्जा आहे."

आईने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "जेवण झाल्यावर मी उभी राहत नाही रे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

मग बाहेरून आवाज आला तो जरा हलका. "अगं, तू तरी ये."

हे थोरल्या वहिनीला होतं. वहिनी स्टुलावरच बसून होती. तिने बोटाने पडद्याची कड थोडी बाजूला केली होती आणि बाहेर, खालच्या बाजूला कुठेतरी एकटक बघत होती. ती उठली नाही.

तपासनीस तोवर जिन्यात पोचली होती. किल्लीवाला खाली जाऊन पाच मिनिटं झाली होती. तीन मजले ती कसे उतरली ते तिला नंतरही आठवलं नाही. किल्लीवाला पेटीशी बसला होता, समोर एक गिऱ्हाईक उकिडवं. तिने एकाला दंडाला धरलं, दुसऱ्याला नुसतं ओरडून उठवलं आणि दोघांना रस्त्यापलीकडे औषधवाल्याच्या पायरीवर नेऊन उभं केलं. पेटी तिथेच राहिली.

तिथून तिने वर पाहिलं. अकरा हातांचं घर चकचकत होतं. गिऱ्हाइकांना उभं करायची दादाची जागा हीच. तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावर दादाचं डोकं दिसत होतं आणि कठड्यावर लांब टेकलेला एक हात. त्याच्या आजूबाजूला कुणी नव्हतं.

"काय शेठ, आज सुट्टी?" औषधवाल्याने खालून विचारलं.

"हवा खातोय," दादा म्हणाला.

त्याच वेळी सज्ज्याच्या पोटातून बारीक वाळू गळायला लागली. चाळणीतून पीठ पडावं तशी, सरळ धार. दादाला ती दिसणं शक्य नव्हतं. मग मंगळवारचं ठिगळ, रंगासकट, किल्लीवाल्याच्या पेटीवर येऊन आदळलं. या खेपेला पेटीच उरली नाही. रस्त्यावरची माणसं थबकली आणि सगळ्यांनी वर पाहिलं.

"दादा, आत जा," तपासनीस ओरडली. "दादा, मला भीती वाटतेय रे, आत जा." त्या क्षणी तिला दाखला नको होता, सूचना नको होती, दादा बरोबर ठरला असता तरी चाललं असतं. फक्त ते डोकं कठड्यावरून दिसेनासं व्हायला हवं होतं.

ते झालं. इतक्या चटकन झालं, की तिला आश्चर्य वाटलं.

किल्लीवाला पेटीच्या तुकड्यांकडे बघत होता. "नवी पेटी मी देईन," ती म्हणाली.

"द्याल हो," तो म्हणाला. "आधी वर जा. ते घाबरले असतील."

ती वर आली तेव्हा दादा टेबलाशी बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि कुणीतरी त्याच्यापुढे पाणी ठेवलं होतं. धाकट्याचा फोन संपला होता, धाकटीचं दूध वाचलं होतं, दोघंही परत दिवाणावर होती. आई खुर्चीत तशीच. इतक्या माणसांत कुणावर रागवायचं हे दादाला ठरवता येत नव्हतं. मग नेहमी ठरतं तेच ठरलं. तो बायकोकडे वळला.

"बाकीच्यांचं सोड," तो म्हणाला. "त्यांच्याकडून माझी अपेक्षा नव्हती. पण तू? लग्नाची बायको. एवढी वर्षं झाली. एक पाऊल टाकवलं नाही तुला माझ्यासाठी?"

थोरली वहिनी या घरात फार कमी बोलत असे. बोलली की जेवणाचं, नाहीतर पाण्याच्या टाकीचं. तिने पडद्याची कड सोडून दिली आणि ती नवऱ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात बोलली.

"टाकलं असतं हो. उठणारच होते. पण तुमचा डावा पाय शेवटपर्यंत उंबऱ्याच्या आतच होता. मी त्याच्याकडेच बघत बसले."

धाकट्यालासुद्धा हसता आलं नाही, आणि त्याला तशी संधी परत मिळणार नव्हती. दादाने खाली, टेबलाखाली, आपल्या पायांकडे पाहिलं. मग बहिणीचा कागद स्वतःकडे ओढला आणि न वाचता विचारलं, "कुठे करायची?"

तिने बोट ठेवून जागा दाखवली.